आधी पाण्याला विचारा

अमोनिया निघाला, ही बातमी घरी सांगताना तिने आवाज जरा खालीच ठेवला होता. कारण त्या घरात अमोनियाचे जाणकार आधीच एक जण होते, आणि ते समोरच्या खुर्चीत बसून चहात बिस्किट बुडवत होते.

तिचे सासरे छत्तीस वर्षं खत कारखान्याच्या अमोनिया विभागात होते. साधे ऑपरेटर म्हणून लागले आणि शिफ्टचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले. चारशे-साडेचारशे अंश उष्णता, हवेच्या दीडशे पट दाब आणि आत लोखंडाचे काळे खडे. त्या खड्यांवर नायट्रोजन आणि हायड्रोजन एकत्र यायचे, त्यांचा अमोनिया व्हायचा आणि अमोनियापासून खत. स्वतः न संपता दुसऱ्यांची अशी जुळणी करून देणाऱ्या पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात. सासरे त्याला नुसतं ‘आमचं लोखंड’ म्हणत, जसं कोणी ‘आमचा थोरला’ म्हणावं.

सून निघाली नेमकी त्या लोखंडाच्या मुळावर उठलेली. विद्यापीठाच्या रसायन विभागात ती संगणकावर उत्प्रेरक रचायची, आणि तेही धातूशिवाय. कार्बनचा एका अणूएवढ्या जाडीचा पापुद्रा घ्यायचा, त्यातला एखादा कार्बन काढून तिथे बोरॉन बसवायचा आणि इलेक्ट्रॉनांचं गणित मांडून बघायचं, की हा बोरॉन नायट्रोजनला धरून ठेवतो का. नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना तिहेरी दोराने बांधलेले असतात. तो दोर सैल करता आला, तर खोलीतल्या साध्या तापमानाला, साध्या विजेवर, हवा आणि पाणी यांच्यापासून अमोनिया व्हावा. गॅस जाळायला नको, धूर नको, डोंगराएवढा कारखाना नको. शेताच्या कडेला कपाटाएवढं यंत्र आणि वर सौर पॅनेल. आठ वर्षं ती याच्या मागे हात धुऊन लागली होती.

“आम्ही मुलगी बघायला गेलो तेव्हा नीट चौकशी करायला हवी होती,” सासरे पाहुण्यांना सांगत. “शिकलेली आहे एवढंच ऐकलं. काय शिकलीय ते कोणी विचारलंच नाही!”

त्या सकाळी मात्र त्यांनी थट्टा केली नाही. बिस्किट तसंच हातात धरून विचारलं, “निघाला म्हणजे किती निघाला?”

“अगदी थोडा, बाबा. पण आमच्या हिशोबाने पुष्कळ. पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त, मग कमी कमी होत चौथ्या दिवशी जवळजवळ बंद. उत्प्रेरक थकतो. त्यावर पुढे काम करू.”

“चार दिवसांत थकतो? आमचं लोखंड बारा बारा वर्षं...”

“तुलना नको ना, बाबा.”

“तुलना नाही करत गं. विचारतोय. नायट्रोजन बंद करून बघितलात का?”

“बघितलं तर! नायट्रोजनच्या जागी आर्गॉन सोडला. आर्गॉन कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही, त्याचा अमोनिया होऊच शकत नाही. आणि झालाही नाही. शून्य.”

“बरं. पण ते नव्या चकतीवर बघितलं की वापरलेल्या?”

चकती म्हणजे नाण्याएवढी काळी टिकली, जिच्यावर त्या पापुद्र्यांची पूड लावलेली असे. तिने मनात दिवस मोजले. आर्गॉनची चाचणी पाचव्या दिवशी झाली होती. म्हणजे जी चकती आधीच थकली होती, तिच्यावरच.

“एकदा आमच्याकडे एक मीटर अकरा दिवस बरोबर आकडा दाखवत होता,” सासरे म्हणाले. “नंतर कळलं, त्याच्यामागचा व्हॉल्व्हच बंद होता. तेव्हापासून मी कुठल्याही मीटरला आधी शून्य दाखवायला लावायचो, मगच त्याचं बाकीचं ऐकायचो. तुमचं वेगळं असेल म्हणा.”

त्यांनी बिस्किट बुडवलं, ते कपातच पडलं. तिचा नवरा दातांचा डॉक्टर. दवाखान्यात जायच्या गडबडीत त्याने दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि चपला घातल्या. अमोनियाच्या विषयात त्याला दोन्ही बाजूंनी मार बसलेला होता.

विभागात तिला आकडेवाली म्हणत, आणि तिच्या मैत्रिणीला भट्टीवाली. ही नावं भांडारवाल्या काकांनी पाडलेली. आकडेवालीने रचना सांगायची आणि भट्टीवालीने ती हजार अंशांच्या भट्टीत प्रत्यक्ष घडवायची, अशी त्यांची बारा वर्षांची जोडी. दोघी एकाच बाकावर बसून शिकलेल्या.

ती पोचली तेव्हा प्रयोगशाळेत पेढ्यांऐवजी केकचा खोका उघडलेला होता. तीन आठवड्यांनी मोठी परिषद होती आणि तिच्या भाषणाची घोषणा झालेली होती. विभागप्रमुख सर जाता जाता पाठीवर थाप मारून गेले. ते दोघींचे शिक्षक. पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते आणि जाण्याआधी आपल्या विभागातून एवढं तरी व्हावं ही त्यांची इच्छा होती.

तिने भट्टीवालीला बाजूला घेतलं. “एक नवी चकती हवी. आर्गॉनवर चालवायची.”

“ते झालंय की.”

“जुन्या चकतीवर झालंय.”

भट्टीवालीच्या कपाळावर आठी आली. “कोणी डोक्यात भरवलं हे? सासऱ्यांनी?”

“कोणीही भरवू दे. करायचं की नाही?”

“कर बाई. तुझं समाधान होऊ दे.”

कपाएवढ्या काचेच्या भांड्यात नवी चकती टांगली. भांड्यातून आर्गॉनचे बुडबुडे सोडले, वीज जोडली. चार तासांनी भट्टीवालीने त्यातलं थोडं पाणी परीक्षानळीत घेतलं आणि वर औषधाचे थेंब टाकले. अमोनिया असेल तर पाणी निळं होतं, नसेल तर जसंच्या तसं राहतं. दोघी नळीकडे बघत उभ्या राहिल्या. पाच मिनिटं काही झालं नाही. भट्टीवालीने “बघ!” म्हणायला तोंड उघडलं, आणि नळीच्या तळाशी निळसर झाक दिसायला लागली. दहा मिनिटांत पाणी शाईसारखं निळं झालं. नायट्रोजनवर झालं होतं तेवढंच. तसूभरही कमी नाही.

“नळी धुतलेली नसेल,” भट्टीवाली म्हणाली.

नवी नळी. निळी. तिसरी नळी. निळी.

भट्टीवाली स्टुलावर बसली. थोड्या वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, “युरिया.”

“काय?”

“भट्टीत पूड फुगावी, हलकी व्हावी म्हणून मी युरिया घालते. युरियात नायट्रोजन असतो. बराचसा उडून जातो, पण थोडा पापुद्र्यात अडकून राहत असणार. वीज लावली की तोच बाहेर पडतोय. म्हणून पहिल्या दिवशी जास्त, मग कमी कमी. तुझा उत्प्रेरक थकत नव्हता गं. तो स्वतःलाच खात होता.”

“माझा उत्प्रेरक?” ती उसळली. “युरिया मी सांगितला होता घालायला?”

“नको घालू असं तरी कधी म्हणालीस? तुला फक्त चित्र काढायचं असतं. इथे बोरॉन, तिथे बोरॉन, आणि कर म्हणायचं. तुझ्या संगणकाचा हात भाजत नाही कधी! हे बघ,” तिने बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत जुने-नवे डाग होते. “आणि आता म्हणे माझ्या युरियामुळे!”

त्यानंतर दोघी बरंच काही बोलल्या, जे बोलायला नको होतं. भांडारवाले काका दारातून डोकावले आणि पाऊल न वाजवता परत गेले. केकचा खोका तसाच उघडा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सरांच्या खोलीत गेली आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“आणखी कोणाला माहीत आहे?”

“आम्ही दोघी. आणि माझे सासरे, अर्धंमुर्धं.”

“हं.” सर उठून खिडकीपाशी गेले. “चाचणी चुकली असेल. पण तुझं गणित तर चुकलेलं नाही ना? नुसतं गणित मांड परिषदेत. बोरॉन नायट्रोजनला धरतो, हे तर खरंच आहे. प्रयोगाचा विषयच काढू नकोस. यात खोटं काही नाही.”

खोटं नव्हतंच. त्यामुळेच तिला ते पटकन नाकारता येईना. “बघते,” म्हणून ती बाहेर आली आणि दिवसभर भाषणाच्या चित्रांची जुळवाजुळव करत बसली. चित्रं सुंदर होती. राखाडी जाळीत गुलाबी बोरॉन आणि त्याच्या डोक्यावर उभा निळा नायट्रोजन, एखाद्या जाहिरातीत शोभावा असा.

चौथ्या दिवशी दुपारी तिच्या टेबलावर कोणीतरी एक डबी आणून ठेवली. मान वर केली तर भट्टीवाली.

“युरियाशिवाय केलीय,” ती म्हणाली. “फुगली नाही तितकी, पण बोरॉन बरोबर बसलाय, मी तपासलंय. चल, लावू. तुझं गणित खरं असेल तर यातूनही निघेल.”

एवढंच बोलणं झालं. माफी ना हिने मागितली ना तिने. आर्गॉनवर पाणी निळं झालं नाही, ते बरंच होतं. मग नायट्रोजन सोडला. चार तास, आठ तास, दुसऱ्या दिवशी पुन्हा आठ तास. पाणी जसंच्या तसं. निळ्याचा मागमूस नाही.

“आता?” भट्टीवालीने विचारलं. या वेळी तिच्या आवाजात धार नव्हती.

“आता माझी पाळी,” ती म्हणाली. “मी सांगितलं तसं तू घडवलंस. मी सांगितलेलंच चुकलंय.”

तिने परिषदेला स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. भाषण मागे घेत आहे. आमच्या चाचणीत मिळालेला अमोनिया हवेतल्या नायट्रोजनपासून झालेला नव्हता. बोरॉनबद्दलचं आमचं गणित प्रत्यक्षात का उतरत नाही, हे आम्हाला अजून कळलेलं नाही. सरांच्या टेबलावर ते सहीसाठी ठेवलं. सरांनी दोनदा वाचलं.

“एवढं उघडं करायची गरज आहे? प्रकृतीचं कारण देता येईल.”

“सर, माझी प्रकृती ठणठणीत आहे.”

सर हसले नाहीत, पण सही केली. सही करताना म्हणाले, “मी असतो तर सर्दी झाली म्हणून कळवलं असतं.” आणि पत्र तिच्या हातात देताना ते किंचित जास्त वेळ धरून ठेवलं.

मग सुरू झालं ते कष्टाचं काम. चूक शोधायची, पण कुठे शोधायची हे माहीत नाही, असं. विभागाच्या तळघरातल्या थंडगार खोलीत संगणकांची सोळा कपाटं घोंगावत असत. एकेका रचनेचं गणित सुटायला दीड दिवस लागे, शिवाय तिच्या आधी रांगेत दुसऱ्या विभागांची गणितं. ती रोज सकाळी स्वेटर घालून खाली उतरायची आणि रांगेत आपला नंबर कितवा ते बघायची.

तिने आपल्या जुन्या गणितात काय काय धरलं होतं, त्याची यादी फळ्यावर लिहिली. पापुद्रा सपाट धरला होता. धरला तर धरला. तापमान नीट होतं. वीज नीट होती. शेवटून तिसऱ्या ओळीवर तिचं बोट थांबलं. पापुद्र्याभोवती तिने काहीच धरलेलं नव्हतं. पोकळी. पोकळीत एक पापुद्रा आणि एक नायट्रोजन, तिसरं कोणी नाही. जगभर सगळे तसंच मांडत, कारण भोवतीचं सगळं पाणी धरलं की गणित दसपट वाढतं. पण भट्टीवालीच्या भांड्यात तर काठोकाठ पाणी होतं.

तिने पाण्याचा एक रेणू आत सोडला आणि दीड दिवस वाट बघितली. मग दोन सोडले. मग सहा. तीन आठवड्यांनी चित्र स्पष्ट झालं, आणि त्यात शंकेला जागा नव्हती. बोरॉनकडे एक जागा रिकामी असते, तीच नायट्रोजनने घ्यावी असा तिचा बेत. पण पाण्यातल्या ऑक्सिजनलाही नेमकी तीच जागा आवडत होती, आणि नायट्रोजनपेक्षा कितीतरी जास्त. बोरॉन पाण्यात पडल्याक्षणी त्याची रिकामी जागा भरून जायची. नायट्रोजन बिचारा येऊन बघायचा आणि परत जायचा. आठ वर्षं तिने ज्या बैठकीची तयारी केली, तिथे भलताच माणूस येऊन तक्क्याला टेकून बसला होता.

त्या संध्याकाळी जेवताना तिने हे सासऱ्यांना सांगितलं. रडकुंडीला आली होती, पण रडली नाही.

“हात्तिच्या,” सासरे म्हणाले. “पाणी होय? पाण्याने आमच्या लोखंडालाही वीट आणला होता की! गॅसमध्ये जरा ओल राहिली की खडे निकामी. म्हणून आम्ही गॅस आधी वाळवायचो. एकदा नाही, दोनदा. एकामागे एक दोन टाक्या.”

“पण मला पाणी पूर्ण काढता येत नाही ना, बाबा. अमोनियाला हायड्रोजन लागतो. तुमच्याकडे तो गॅसमधून यायचा, मला तो पाण्यातूनच घ्यायचाय.”

“मग पाणी दारात हवं, घरात नको.”

नवऱ्याने भाजीचा चमचा हवेत धरून विचारलं, “तुमचं दोघांचं आता एकमत व्हायला लागलंय की काय?”

दुसऱ्या दिवशी तिने कामाची दिशाच उलटी केली. आजवर ती प्रत्येक रचनेला एकच प्रश्न विचारायची: नायट्रोजनला धरतेस का? आता पहिला प्रश्न पाण्याचा. पाणी तुझ्यावर बसतं का? बसत असेल तर रचना बाद, पुढचं काही विचारायचंच नाही. फळ्यावर तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं: आधी पाण्याला विचारा. तिच्या यादीत चारशे बारा रचना होत्या. पहिल्या शंभरातली एकही उरली नाही. पुढच्या शंभरातल्या दोन उरल्या, पण त्या नायट्रोजनलाही जवळ करत नव्हत्या.

एका वेळी दोन-तीन गणितं लावत अकरा महिने हे चाललं. विभागात काहींना वाटायला लागलं की आकडेवालीचं डोकं फिरलंय. ज्या बोरॉनवर नाव कमावलं, त्याच बोरॉनच्या रचना ती एकेक करून स्वतःच मारतेय. कोणी धातू घालून बघ म्हणालं. रूथेनियम घाल, चटकन काहीतरी निघेल आणि छापूनही येईल.

“किमतीचं राहू दे,” ती म्हणायची. “तो खाणीतून काढावा लागतो आणि मूठभर देशांत मिळतो. जगातल्या प्रत्येक शेताच्या कडेला ठेवायचं यंत्र त्यावर कसं उभं करू? बोरॉन साध्या टाकणखारातून निघतो आणि कार्बन कुठेही मिळतो. व्हायचं तर यातच व्हायला हवं.”

शेवटी चाळणीवर तीन रचना उरल्या. ती धावत भट्टीवालीकडे गेली. भट्टीवालीने पहिलीचं चित्र बघून नकारार्थी मान हलवली. दुसरीचं बघून हसली. “ही देवालासुद्धा भट्टीत जमणार नाही.” तिसऱ्या चित्रापाशी मात्र ती थांबली. पापुद्र्यात एक बारीक खड्डा, आणि खड्ड्याच्या दोन काठांवर समोरासमोर दोन बोरॉन. नायट्रोजनचा लांबट रेणू त्या दोघांच्या मध्ये आडवा बसला की दोन्ही बाजूंनी ओढला जायचा आणि त्याचा तिहेरी दोर सैल व्हायचा. पाण्याचा रेणू आत शिरला तरी त्याला एका वेळी एकच काठ धरता येई, आणि तोही नीट नाही. खड्डा अरुंद असल्यामुळे तो टिकत नसे.

“खड्डे पाडायचे आणि काठावर मोजून दोनच बोरॉन बसवायचे,” भट्टीवाली म्हणाली. “युरियाशिवाय. तुला गंमत वाटते का ही?”

“जमेल?”

“मला वर्षभर विचारायला येऊ नकोस.”

वर्ष नाही, पण आठ महिने गेले. चौदा वेळा पूड बिघडली. कधी खड्डे मोठे पडले, कधी बोरॉन काठ सोडून भलतीकडेच जाऊन बसला. पंधराव्या वेळी भट्टीवालीने डबी आणून टेबलावर आपटली आणि म्हणाली, “यातले साधारण तिसरा हिस्सा खड्डे तुझ्या चित्रासारखे आहेत. यापेक्षा जास्त मागशील तर मैत्री संपली.”

चाचणीच्या दिवशी सासऱ्यांना तिने बरोबर नेलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. काचेचं ते कपाएवढं भांडं बघून त्यांनी आधी इकडेतिकडे बघितलं, खरं यंत्र कुठेतरी आत असेल म्हणून.

“हेच?”

“हेच.”

“एवढ्यात तर आमच्याकडे चहासुद्धा होत नव्हता!” पण मग ते वाकले आणि नळ्या एकेक करून बघायला लागले. भांड्यात आता पाण्याऐवजी दुसरा द्रव होता आणि त्यात मोजून थेंबभर पाणी. नायट्रोजन एका वाळवणीच्या नळीतून येत होता. त्यांनी तिथे बोट ठेवलं. “दुसरी कुठाय?”

“एक पुरते, काका,” भट्टीवाली म्हणाली.

“एक पुरते असं मला पण वाटायचं. पहिली भरली की कळतच नाही.”

दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि दुसरी नळी जोडली.

आधी नव्या चकतीवर आर्गॉन. वीस तास. शून्य. मग दुसऱ्या नव्या चकतीवर नायट्रोजन. नळीत अगदी फिकट निळं आलं, इतकं फिकट की मागे पांढरा कागद धरावा लागला. भट्टीवालीने तिचा हात घट्ट धरला. पण दोघी आता निळ्या रंगाला भुलणाऱ्या नव्हत्या.

खरी परीक्षा पुढची होती. नायट्रोजनचा एक जड भाऊ असतो, वागायला तसाच, वजनाने थोडा जास्त. हवेत तो नावापुरताच सापडतो, बाटलीत भरून मुद्दाम आणावा लागतो. मोठ्या चुंबकाच्या यंत्रात साध्या नायट्रोजनचा अमोनिया घातला तर पडद्यावर तीन टोकं उमटतात. जड नायट्रोजनचा घातला तर दोन. कचऱ्यातून, हवेतून, कोणाच्या श्वासातून आलेला अमोनिया तीन टोकंच दाखवणार. दोन टोकं दिसली तर तो अमोनिया बाटलीतूनच आला, चकतीवर घडला, याला दुसरा अर्थच नाही.

तिसरी नवी चकती, जड नायट्रोजन, वीस तास. दुसऱ्या दिवशी दुपारी चुंबकाच्या खोलीत त्या दोघी, सासरे आणि सर पडद्यासमोर बसले. सर निवृत्त झाले होते, पण बोलावल्याबरोबर आले होते. यंत्र संकेत गोळा करत होतं. सुरुवातीला पडद्यावर नुसतं गवतासारखं काहीतरी थरथरत होतं. अर्ध्या तासाने त्यातून काहीतरी डोकं वर काढायला लागलं.

“एक,” सर पुटपुटले.

“थांबा,” ती म्हणाली.

तासाभराने दोन टोकं उभी होती. सारख्या उंचीची, शेजारी शेजारी. मध्ये तिसरं कुठेच नव्हतं. तिने पडदा मोठा केला, परत लहान केला, मोजपट्टीने दोघांमधलं अंतर बघितलं. बरोबर होतं.

कोणी ओरडलं नाही. भट्टीवाली डोळे पुसत म्हणाली, “चौदा वेळा, गं.” सरांनी चष्मा काढला तो बराच वेळ घातलाच नाही.

सासऱ्यांना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. “या वेगाने एक पोतं भरायला किती दिवस लागतील?”

तिने कागदावर गुणाकार-भागाकार केला. “पन्नास किलोचं पोतं ना? या एका चकतीवर साधारण साडेअकरा लाख वर्षं.”

सासऱ्यांनी गंभीरपणे मान डोलावली. “मग उद्या सुट्टी घेऊ नकोस.”

तिने घेतलीही नाही. छापायला पाठवायच्या आधी तिला आणखी एक गोष्ट करायची होती, आणि ती ऐकून भट्टीवालीने कपाळाला हात लावला. दूरच्या एका विद्यापीठात एक बाई होत्या, ज्यांनी अशा दाव्यांची पिसं काढण्यातच हयात घालवली होती. आजवर त्यांच्याकडे गेलेल्या एकोणीस चकत्यांपैकी एकही तगली नव्हती. त्यांच्या नावानेच लोकांना धडकी भरे. तिने सहा चकत्या, दोन वाळवणी नळ्यांचं चित्र आणि युरियाची सगळी हकिगत लिहून त्यांच्याकडे पाठवून दिली. शेवटी लिहिलं: यात काही खोट असेल तर ती आम्हाला आधी कळावी.

सात आठवड्यांनी, ती तळघरातून वर येत असताना, फोन वाजला. पलीकडचा आवाज रुक्ष होता, नमस्कार-चमत्कार काही नाही.

“तुमच्या चकत्यांबद्दल बोलतेय. सहापैकी एक वाटेत फुटली. पाच चालवल्या. पाचही चकत्यांवर दोन टोकं आली.”

ती जिन्यातच थांबली. “नक्की?”

“मी नक्की नसताना फोन करत नाही. पण बाराव्या दिवशी अमोनिया अर्ध्यावर येतो. का?”

“माहीत नाही,” ती म्हणाली. “कदाचित खड्ड्यांचे काठ झिजत असतील. कदाचित पाणी हळूहळू आत जागा करत असेल.”

“कदाचितचं मी काय करू? शोधून काढा आणि कळवा. मी इथून बघतेच आहे.” फोन बंद झाला.

ती तशीच मागे वळली आणि पुन्हा जिना उतरून तळघरात गेली. काढून हातात घेतलेला स्वेटर तिने परत चढवला. रांगेत तिच्या पुढे सहा गणितं होती. तिने सातवं मांडायला घेतलं: तोच खड्डा, तेच दोन बोरॉन, आणि भोवती या वेळी पाण्याचे चोवीस रेणू.